कांडीवाली देवकाबाई

देवकाबाईच्या तोंडात दात मोजकेच होते, पण तिचा अख्खा कारखाना त्या दातांवर चालायचा. थैलीतून बोटाएवढी एक कांडी काढायची, दाढेखाली धरायची आणि मान तिरकी करून चावायची. कट्ट वाजलं तर माल वाळलेला. मुकाट्यानं तुटली तर ओली. आमच्याकडं धान घेणारे व्यापारी दाणा दाताखाली फोडून पाहतात, त्यातलीच ही रीत. पण जळण चावून पाहणारं माणूस मी जन्मात दुसरं पाहिलं नाही. ओलावा मोजायचं यंत्र तिला कुठल्याशा योजनेत मिळालं होतं. ते कपाटात होतं, वरच्या प्लास्टिकसकट. "त्याले सेल लागते जी," ती म्हणायची, "दाताले नाई लागत."

मी तेव्हा तुमसरजवळच्या एका दुधाच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि मला बॉयलरवर त्याहून जास्त. बॉयलरवरचा माणूस डोक्यानं थंड असावा, असं परीक्षेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्यानं पावसाळ्यात ओलं लाकूड जाळलेलं नसणार. माझं डोकं भट्टीपेक्षा आधी तापायचं. कारण दूध कुणासाठी थांबत नाही. गावोगावचं दूध सकाळी येऊन पडतं, ते वाफेवर तापवावं लागतं, आणि वाफेचा काटा सातच्या खाली आला की तापणं अर्धवट राहतं. मग सगळं दूध उलटं फिरवायचं, पुन्हा तापवायचं, आणि मॅनेजरचं ऐकून घ्यायचं.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. तीन दिवस झड लागलेली. लाकडाच्या टोकांतून पाणी उकळून बाहेर येत होतं, धुरानं माझे डोळे फुटायची पाळी आली होती, आणि दारात एक बाई उभी. उंच, वाळकी, पदर खोचलेला. उजवा डोळा पांढरा पडलेला. हातात कापडी थैली.

"मिस्त्री तुमीच का जी?"

तिनं थैलीतून मूठभर कांड्या काढून दाखवल्या. मी एक नजर टाकली आणि खेकसलो, "बाई, ढोरांची ढेप पुढच्या गेटावर घेतात. इथं नाही."

"ढोराईची नाई जी. तुमच्या बॉयलरची ढेप हाये."

मला हसू आलं नाही. आता येतं. तिनं न विचारता सांगायला सुरुवात केली. गिरणीत तांदूळ निघाल्यावर उरतो तो भुसा, धुऱ्या-बांधावरच्या तुरीच्या तुराट्या, आणि थोडी तणस, म्हणजे धान झोडल्यावरचा पेंढा. सगळं दळायचं आणि मशीनमध्ये दाबायचं. "फोडा लागत नाई, वाळवा लागत नाई. कोपऱ्यात मावते. एक घमेलं जसं जळते, तसंच दुसरं जळते. लाकूड कसं, एक ओंडका शहाणा तं दुसरा येडा."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं. "जा आता."

ती गेली, पण थैली पायरीवर ठेवून गेली. "च्या करून पाहा," एवढंच म्हणाली.

दुपारी केला. तीन विटा मांडल्या, खाली तिच्या कांड्या, वर पातेलं. चहाला उकळी आली तरी माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. पातेलं उतरवून बूड पाहिलं. बोट फिरवलं तर जेमतेम काजळी. च्या मारी! दोन वर्षांचं ते पातेलं मी कधी चकचकीत पाहिलं नव्हतं, त्या दिवशी निदान आणखी काळं तरी झालं नाही. मी मुकाट चहा प्यालो आणि सुट्टीच्या दिवशी बाईचं गाव गाठलं.

सिहोऱ्याच्या पलीकडं ग्रामपंचायतीचं एक पत्र्याचं शेड होतं. त्यात मशीन, आणि मशीनभोवती अकरा बाया. आवाज असा की शेजारच्याला हातानं सांगावं लागायचं. देवकाबाई मशीनला सूनबाई म्हणायची. "जास्त देल्लं तं उलटी करते, कमी देल्लं तं रुसून बसते. मापात खाऊ घाला लागते बाप्पा."

मी मुद्दाम खोट काढली. म्हटलं, तणस जास्त झाली की राख वितळते आणि जाळीवर दगडासारखी बसते, मग ती सब्बल-पहार घेऊन कोण फोडणार? तिनं एकाच डोळ्यानं मला नीट न्याहाळलं. "म्हणूनच मुठीनं टाकतो जी. मले शिकवून राहिले का?" तेव्हा कळलं, बाईनं आपल्या कांड्या घरच्या चुलीत महिनोन् महिने जाळून पाहिल्या होत्या.

परतताना ती माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आली. गावात कुणी तरी उन्हाळी धानाची तणस बांधीच्या, म्हणजे शेताच्या, कडेला ढीग करून ठेवली होती आणि उघाड पडल्याचं पाहून काडी लावायच्या बेतात होता. हार्वेस्टर आल्यापासून हे वाढलंय. ही तिथूनच ओरडली, "काहून जाळतेस रे? सरकारनं बक्षीस ठेवलं का? थांब!" आणि चिखलातून तरातरा जाऊन त्या माणसाच्या आणि ढिगाच्या मधे उभी राहिली. तो म्हणाला, माझी तणस, माझी बांधी. ही म्हणाली, "तुही तणस, अन् धूर कोनाचा? तो बी तुह्याच घरात ठेव मंग." शेवटी तो गडी काडीपेटी खिशात घालून गेला, आणि दुसऱ्या दिवशी ढीग शेडमध्ये आला. हे मला नंतर कळलं.

त्याच दिवशी मी न राहवून विचारलं होतं, डोळ्याला काय झालं.

"गिरणीत होतो ना मी. भुशाच्या खोलीत."

धानाच्या गिरणीत भुसा फुंकून एका बंद खोलीत टाकतात. तिथं बायांनी तो पोत्यांत भरायचा. आत वारा नाही, उजेड नाही, नुसतं तूस उडत असतं. "कुसळ गेलं डोळ्यात. आठ दिवस चोळूनच काम केलं. सीझन होता जी. मंग दवाखान्यात गेलो तं डाक्टर म्हणे, आता कायले आली?"

तिनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग शेडकडं हात केला. "या साऱ्या तिथल्याच. एकेकीले वडून आणलं मी. ते शीला पाहा, सगळ्यात लहान, तिचा बी डोळा लाल राहे. आता यांईले परत तिथं नाई धाडत."

पण धाडायची वेळ जवळ येत होती. कांड्या ढीगभर तयार होत होत्या आणि घेणारं कुणी नव्हतं. सरपंचानं सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही तर शेड रिकामं करा, बियाण्याच्या गोदामाला पाहिजे. शेड गेलं की मशीन उघड्यावर, आणि अकराही जणी भुशाच्या खोलीत. म्हणून बाई पावसात थैली घेऊन हिंडत होती.

मी मॅनेजरच्या मागं लागलो. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर नसलेलं त्याला दिसत नसे. महिनाभर नाही-नाही केल्यावर म्हणाला, "एक दिवस देतो. सकाळच्या दुधापासून संध्याकाळी टाक्या धुवून होईपर्यंत. फक्त तुमच्या कांड्या. काटा सातच्या खाली आला की विषय संपला."

दसरा झाला आणि तो दिवस आला. सकाळी सहाला मेटॅडोर आत शिरला. पोत्यांवर देवकाबाई, शीला आणि आणखी दोघी बसलेल्या, चौघींनी ठेवणीतली लुगडी-साड्या नेसलेल्या. बाई खाली उतरली, पहिल्या पोत्यातली कांडी काढली, चावली. कट्ट. माझ्याकडं पाहून हसली. भट्टी पेटली, काटा चढला, आठावर जाऊन बसला आणि तिथंच राहिला. दूध सुरू झालं. इतकी गुणी आग मी त्या भट्टीत पाहिली नव्हती. चिमणीकडं पाहिलं तर धूर आहे की नाही हेच कळेना.

नऊच्या सुमारास खालची पोती उतरवायला घेतली. बाईनं एक कांडी दाढेखाली धरली. आवाज नाही. दुसरी घेतली. तिचा तिच्या बोटांतच चुरा झाला. तिसऱ्या पोत्यात हात घातला तो कोपरापर्यंत, आणि बाहेर आला तो नुसता ओला भुसा. कांड्या फुगून पुन्हा भुसा झाल्या होत्या.

"अवो माय!" शीलानं पोतंच उपडं केलं.

झालं होतं असं. हा माल ठेवायला शेडमागची खोली त्यांनी मोकळी केली होती. एवढ्या कामाचा माल ठेवायचा, तर बायांनी त्याआधी ती खोली शेणानं छान सारवली. खळ्यावर धान पडायच्या आधी सारवतात ना, तशी. त्यात कुणाची चूक म्हणणार? आमच्या भागात धनाला असंच जागा करून देतात. पण खळ्यावर ऊन असतं, तासाभरात सारवण खडखडीत वाळतं. इथं बंद खोली, आणि ओलसर सारवणावर बायांनी पोत्यांची थप्पी लावली. खालच्या थरांनी आठवडाभर ते पाणी पिऊन घेतलं.

"कोणी सांगितलं होतं सारवायला?" मी ओरडलो. माझा तोल गेलाच.

शीलानं खाली पाहिलं. बाकीच्या दोघी एकमेकींकडं पाहू लागल्या.

"मीनं," देवकाबाई म्हणाली. "चिडा लागलं तं माह्यावर चिडा. त्यांईनं माहं आयकलं."

मग ती कामाला लागली. सगळी पोती उतरवली. प्रत्येकातून कांडी काढून चावायची, वाजली तर डावीकडं, नाही तर उजवीकडं. उजवीकडची रांग वाढतच गेली. शेवटी हिशेब स्पष्ट झाला: तिसरा हिस्सा माल गेला. उरलेला दुपारी चारपर्यंत पुरला असता. टाक्या धुवून व्हायला पाच वाजतात.

अशा वेळी लोक देव पाण्यात ठेवतात म्हणे. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन घरातले सगळे देव एकदमच वैनगंगेत सोडले, त्यामुळं माझ्याकडं ठेवायला काही उरलं नव्हतं. मी आपला काट्याकडं पाहत बसलो.

बाईनं ओला चुरा बॉयलरच्या गरम भिंतीशी पसरवला. वाळेल तेवढा घमेल्यानं चांगल्या कांड्यांत मिसळून द्यायची. पण चुरा तो चुराच. तो धरून जळत नव्हता, भपकन पेटायचा आणि विझायचा. तीन वाजले. काटा आठावरून साडेसातावर आला. पोती दहा उरली. मग सहा. शीला पदराचं टोक चावत दारात उभी होती, आणि मी दर मिनिटाला घड्याळ पाहत होतो.

चार वाजता मी बाईला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हटलं, "मागं लाकूड पडलंय. दोन ओंडके टाकतो. मॅनेजर कँटीनमध्ये आहे. तासाभराचा तर प्रश्न आहे, बाई."

तिनं तोंड पुसलं. चावून चावून हिरडीतून रक्त येत होतं, पदराला लाल डाग लागला.

"मंग परीक्षा कोनाची झाली? लाकडाची का माही?"

"अहो, शेड जाईल तुमचं!"

"जाईन तं जाईन. उद्या काटा पुन्हा खाली आला तं तुमी रोज लाकूड टाकान का जी? एक दिवस तं कळंनच त्याईले. मंग या बायांवर कोन इश्वास ठेवन?"

इतका राग आला मला तिचा! वाटलं, एवढी टेक कशाला, पोटापुढं कसली आली परीक्षा? पण लाकडाला हात लावायची हिंमत झाली नाही.

साडेचारला शेवटचं पोतं रिकामं झालं. काटा सातावर येऊन थरथरत होता. टाक्यांचं धुणं अर्ध्यावर. नेमका त्याच वेळी मॅनेजर वही घेऊन आला. मी काय केलं, तर जाऊन काट्यासमोर उभा राहिलो, पाठ टेकवून, जणू सहज टेकलोय. मॅनेजर म्हणाला, "काय मिस्त्री, कसं काय?" मी म्हटलं, "मस्त चाललंय साहेब." पाठीमागं काय चाललंय ते पाहायची माझी छाती नव्हती.

"सरका जी मिस्त्री," देवकाबाई म्हणाली.

मी सरकलो नाही. तिनं माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. तिचा हात भाजल्यासारखा गरम लागला.

"साहेब, काटा सातच्या खाली गेला. लिवा."

शीला बाहेर निघून गेली. मॅनेजरनं काट्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि खरंच लिहिलं. मग विचारलं, "कशामुळं?" बाईनं सारवणाची गोष्ट सांगितली. एक शब्द इकडचा तिकडं नाही, आपली चूक आपल्या नावावर.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "लिहिताच आहात तर सगळं लिहा साहेब. सहा ते चार काटा साडेसाताच्या खाली आला नाही, तेही लिहा. ओल्या लाकडावर मी रोज तीन-तीन वेळा काटा खाली आणतो आणि वहीत साडेसात टाकतो, तेही लिहा!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. आता माझीही नोकरी गेली असं वाटलं. मॅनेजरनं माझ्याकडं पाहिलं. मागची पानं उलटून पाहिली. सगळीकडं माझ्या हातचा साडेसात. शेवटी वही मिटवून तो बाईला म्हणाला, "आज तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलं असतं का?"

"नाई कळत," बाई म्हणाली.

"पुढच्या सोमवारी पुन्हा या. पण हे कारण दुसऱ्यांदा चालणार नाही." आणि जाता जाता मला म्हणाला, "उद्यापासून खरा आकडा लिहा."

त्या आठवड्यात मी आमच्या भंगारातल्या लाकडी फळ्या तिच्या खोलीत नेऊन टाकल्या. पोती जमिनीला टेकली नाहीत. सोमवारी पाच वाजून गेले, टाक्या धुवून झाल्या, काटा आठावर, आणि चार पोती उरली. चौघी जणी बॉयलरच्या दारात एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही नाकाला रुमाल लावला आणि धुराचं निमित्त केलं. धूर नव्हता, हे चौघींनाही दिसत होतं. शेड राहिलं. पुढं माझी नोकरी संपेपर्यंत त्या बॉयलरमध्ये लाकडाचं ढलपं गेलं नाही.

देवकाबाईला मी शेवटचं पाहिलं ते निवृत्तीनंतर तीन वर्षांनी. सिहोऱ्याकडं एका गिरणीवर घरचं धान घेऊन गेलो होतो. मागच्या अंगाला भुशाच्या खोलीपाशी एक आकृती दिसली. डोक्यापासून पायापर्यंत तुसानं माखलेली, हातात फावडं. चालण्यावरून ओळखली. शेड बुडालं, म्हातारपणी बाई परत इथंच आली, असंच मला वाटलं. मॅनेजर, सरपंच, दुधाचा कारखाना, सगळ्यांना मनात शिव्या घालत मी तिच्यापर्यंत पोचलो.

"बाई, हे काय? बंद झालं का तुमचं?"

"कायले बंद होते जी? दोन पाळ्या चालून राहिल्या."

तेव्हा दिसलं. खोलीपासून वीस पावलांवर, झाडाखाली मेटॅडोर उभा होता आणि शीला आणखी चार जणींसोबत पोत्यांची तोंडं शिवत होती. सगळ्यांच्या साड्या स्वच्छ. तुसाचा कण नाही.

"मग त्या तिथं, आणि तुम्ही एकट्या आत?"

"कांडीले भुसा तं लागतेच ना. गिरणीवाला भरून देत नाई. कोनाले तरी आत जा लागते." तिनं फावडं या हातातून त्या हातात घेतलं. "पयल्या दिवसापासून मीच भरतो. त्यांईले आत पाय ठेवू देत नाई."

पहिल्या दिवसापासून. इतकी वर्षं मी तिच्या कांड्या जाळल्या, आणि त्यातला भुसा कोण भरतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी म्हटलं, "अहो, एकच तर डोळा उरलाय तुमचा."

"एकच हाये म्हणूनच तं मी. गेला तं एकच जाईन. त्यांईचे दोन-दोन हायेत."

झाडाखालून शीला ओरडली, "बाई, मी येऊ का आता? थकल्या तुमी!"

"तिथंच राह्य!" ही उलटी ओरडली. मग माझ्याकडं वळली. "तुमी बी मागं सरा मिस्त्री. वारा इकडूनच हाये."

मी मागं सरलो. तिनं पदर नाकावर घट्ट बांधला, दार ओढलं आणि आत गेली.